आठ महिने, पाचशे कांजी आणि सात किलोची बॅग

हर्णैहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरात जपानी भाषेची एन-५, म्हणजे सगळ्यांत खालच्या पातळीची परीक्षा झाली. पुढच्या मार्चअखेर तीन आठवडे जपानला जायचं ठरलंय. सोबत एक मिररलेस कॅमेरा आणि दोन झूम लेन्स. रोज दहा कांजी, म्हणजे जपानी लिहिताना वापरतात ती चिनी चिन्हं, पाठ करते, पण आठवड्याने त्यातली दोनसुद्धा आठवत नाहीत. आणि बॅग कुठली घ्यावी, जी इथल्या पावसात टिकेल, विमानात सोबत नेता येईल आणि दिवसभर पाठीवर जड होणार नाही?

मी रत्नागिरीत बावीस वर्षं फोटोग्राफी करतोय. लग्नं, बंदरं, सड्यावरची कातळशिल्पं, जे काम येईल ते. जपानी शिकायला चाळिशीत बसलो, एन-५ हून दोन पायऱ्या वरची एन-३ दुसऱ्या खेपेला निघाली, आणि जपानला तीनदा जाऊन आलो. तुमचे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण दोन्हीकडे अडचण एकाच जागी आहे. बॅग भरताना आपण घरात काय काय सामान आहे ते बघतो आणि कांजी शिकताना पुस्तकाच्या पुढच्या पानावर काय आहे ते बघतो. बघायला हवा तो दिवस. सकाळी कुठे उभे असणार, समोर कुठली पाटी असणार, हात कुठल्या वस्तूकडे जाणार. त्या दिवसाला जे लागतं तेच पाठीवर आणि तेच डोक्यात. हे एकदा पक्कं केलंत की निम्मं ओझं आपोआप उतरतं.

आधी कांजी, कारण तिला वेळ लागतो. बॅग एका दुपारी घेता येते.

रोज दहा हा आकडा सोडून द्या. जपानी मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ कांजी शिकतात. पहिलीला फक्त ८०, दुसरीला १६०. ती मुलं त्या भाषेतच जेवतात, भांडतात, झोपतात, तरी त्यांना पहिलं वर्ष ८० चिन्हांना देतात. रोजच्या व्यवहारासाठी ठरवलेल्या चिन्हांची सरकारी यादी २१३६ ची आहे, ती २०१० साली सुधारली गेली. तुमच्याकडे बत्तीस-तेहतीस आठवडे आहेत. दिवसाला तीन नवी चिन्हं, आठवड्याचे सहा दिवस, सातव्या दिवशी नवीन काही नाही, फक्त मागची उजळणी. आजारपण, गणपती, शिमगा धरूनही पाचशेच्या आसपास पोचाल, आणि ती पाचशे तुमची असतील.

आता ती का जातात ते. तुम्ही चिन्ह सुटं पाठ करता: एक आकृती, एक अर्थ, त्याखाली दोन-तीन उच्चार. हे दोन-तीन उच्चार मराठी माणसाला खरं तर अवघड वाटायला नकोत. आपण ‘पाणी’ म्हणतो, पण नळयोजनेच्या कागदावर ‘जलवाहिनी’ लिहितो, आणि ‘पाणीवाहिनी’ कुणी लिहीत नाही. घरात ‘आग’, पण बंब आला की ‘अग्निशमन’. एकटा शब्द असला की घरचा, दुसऱ्याला जोडला की संस्कृत. जपानीत अगदी हेच चालतं, फक्त संस्कृतच्या जागी जुनी चिनी आहे. पाण्याचं चिन्ह एकटं असलं की ‘मिझु’, जोडशब्दात ‘सुई’. डोंगराचं एकटं ‘यामा’, जोडून ‘सान’, म्हणून फुजी पर्वताला ते ‘फुजिसान’ म्हणतात. आगीचं एकटं ‘हि’, जोडून ‘का’. आग आणि डोंगर जोडले की ‘काझान’, ज्वालामुखी. याला नियमभंग करणारे शब्द आहेत, पण सुरुवातीच्या शे-दोनशे शब्दांत हा ठोकताळा बहुतेक वेळा लागू पडतो.

म्हणून चिन्ह शिकू नका, शब्द शिका. ‘सुई आणि मिझु’ असं घोकण्याऐवजी ‘मिझु’ म्हणजे पाणी आणि ‘बोसुई’ म्हणजे जलरोधक हे दोन शब्द शिका. दुसरा तुमच्या बॅगेच्या लेबलवरच सापडेल. चिन्ह तेच आहे आणि दोन्ही उच्चार न घोकता बसतात.

दुसरी गोष्ट, चिन्ह हे एक चित्र समजून त्याच्याकडे बघू नका. अगदी सुरुवातीची थोडी चिन्हं खरोखर चित्रं आहेत. डोंगराच्या चिन्हात तीन उभ्या रेघा, मधली उंच. झाडाच्या चिन्हात खोड, आडव्या फांद्या आणि खाली पसरलेली मुळं. दोन झाडं म्हणजे ‘हायाशी’, राई. तीन झाडं म्हणजे ‘मोरी’, घनदाट रान. माणूस झाडाला टेकलेला, म्हणजे ‘यासुमु’, विश्रांती घेणं. ही तुम्हाला एन-५ मध्येच आली असतील आणि त्यांच्यामुळेच फसायला होतं, कारण पुढची बहुतेक चिन्हं चित्रं नसतात. ती जोडून केलेली असतात: एक भाग अर्थाची दिशा सांगतो, दुसरा उच्चाराची.

डाव्या बाजूचे तीन थेंब घ्या. त्याला ‘सान्झुई’ म्हणतात, पाण्याचं कुळ. समुद्र ‘उमि’, लाट ‘नामि’, बंदर ‘मिनातो’, पोहणं ‘ओयोगु’, घाम ‘आसे’, अश्रू ‘नामिदा’, सगळ्यांच्या डावीकडे तेच थेंब. लाटेच्या चिन्हात थेंबांशेजारी कातडीचं चिन्ह आहे. पाण्याची कातडी हलते ती लाट, असं मी स्वतःसाठी लक्षात ठेवलंय. ‘त्सुनामि’ हा आता आपल्याही ओळखीचा शब्द; त्यात आधी बंदर-किनाऱ्याचं चिन्ह आणि मग लाटेचं, आणि दोघांनाही थेंब. मासेमारीच्या चिन्हात थेंब आणि शेजारी मासा. हर्णैच्या माणसाला हे कुळ एका आठवड्यात बसायला हवं.

उच्चाराच्या भागाचं माझं आवडतं उदाहरण निळ्याचं आहे. निळा रंग ‘आओ’, जोडशब्दात ‘सेई’. त्याच्या डावीकडे सूर्य लावला तर स्वच्छ उघडीप, जोडशब्दात ‘सेई’. पाण्याचे थेंब लावले तर निर्मळ, तेही ‘सेई’. डावीकडे बोलण्याचं चिन्ह लावलं तर विनंती, तेही ‘सेई’. एक चिन्ह नीट केलंत तर तीनचे उच्चार फुकट मिळाले. आणि निळ्याच्या डावीकडे मासा लावला तर ‘साबा’, म्हणजे त्यांचा बांगडा. आपला बांगडा आणि साबा अगदी एक जात नाहीत, पण ताज्या बांगड्याची पाठ उन्हात धरून बघितली असेल तर माशाशेजारी निळा का, हे कुणी समजवायला नको.

माशांच्या चिन्हांवर जरा जास्त बोलतो, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला इथे आयतं वतन मिळालंय. तारलीच्या जातकुळीतला ‘इवाशि’: मासा आणि शेजारी ‘दुबळा’. पाण्याबाहेर काढला की लगेच खराब होतो, हे तारली विकणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे. सुरमईच्याच कुळातला ‘सावारा’: मासा आणि वसंत ऋतू. थंड पाण्यातला कॉड ‘तारा’: मासा आणि बर्फ. यातली बरीचशी चिन्हं सरकारी यादीत नाहीत, परीक्षेत येणार नाहीत. तरी शिका. सुशीच्या दुकानातल्या जाड चहाच्या पेल्यांवर माशांची चिन्हं ओळीने छापलेली असतात. मी पहिल्यांदा त्या पेल्यावरची सात-आठ ओळखली तेव्हा दुकानदार काउंटरमागून बाहेर आला आणि बाकीची स्वतः वाचून दाखवली. त्या संध्याकाळचे फोटो माझ्या तिन्ही प्रवासांतले सर्वांत चांगले आहेत.

सारखी दिसणारी चिन्हं हा तुमचा पुढचा घोळ असणार. त्यांना वेगवेगळ्या दिवशी शिकू नका, एकाच दिवशी शेजारी मांडा. देवळाचं चिन्ह ‘तेरा’ घ्या. डावीकडे चालण्याचं चिन्ह लावा: ‘मात्सु’, वाट बघणं. हाताचं लावा: ‘मोत्सु’, धरणं. सूर्याचं लावा: ‘तोकि’, वेळ. माणसाचं लावा: ‘सामुराई’. एका ओळीत पाचही लिहिली की फरक फक्त डाव्या बाजूला आहे हे डोळ्यांना कळतं, आणि डोळे एकदा डावीकडे जायला शिकले की गोंधळ थांबतो. वाट बघणं, धरणं, वेळ. आपल्या धंद्याची तीनही कामं एकाच देवळाभोवती उभी आहेत, म्हणून हा संच मी कधी विसरलो नाही.

लिहायचं की नाही? पहिली दोनशे-अडीचशे हाताने लिहा, पुढे ओळखता आली तरी पुरे. रेघांचा क्रम पहिल्या दिवसापासून पाळा: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी मग उभी, चौकटीची तळरेघ सगळ्यांत शेवटी. हा क्रम हातात बसला की कोऱ्या चिन्हाकडे बघूनही त्याचे तुकडे दिसायला लागतात. आणि वहीवर लिहू नका. श्रावणापर्यंत आपल्याकडे कागद सादळलेला असतो, पेन फुटतं, मन लागत नाही. दगडी पाटी आणि पेन्सिल घ्या. लिहा, पुसा, लिहा. पुसल्यामुळे पुढच्या वेळी आठवूनच लिहावं लागतं, आणि शिकणं त्या आठवण्यातच होतं. समोरचं बघून शंभर वेळा गिरवलेलं चिन्ह माझ्याही हातात राहिलं नाही.

उजळणीसाठी मोबाईलवरचं अँकी हे कार्डांचं ॲप चांगलं आहे. त्याचं नावच जपानी आहे, ‘आन्कि’ म्हणजे पाठांतर. विसरायच्या बेताला आलेलं कार्ड ते बरोबर वर काढतं. पण दुसऱ्याने बनवलेला हजारांचा तयार संच उतरवू नका. मी तेच केलं होतं. चौथ्या महिन्यात रोज दोनशे कार्डं उजळणीला यायला लागली आणि मी तीन आठवडे ॲप उघडलंच नाही. एन-३ चा पहिला प्रयत्न तिथे गेला.

आता माझी कार्डं कागदाची आहेत, खरं तर फोटो पेपरची. तुम्हीही फोटो काढता, तर हे करा. स्वतः काढलेला फोटो चार बाय सहाच्या प्रिंटवर घ्या, मधून कापा, मागे मार्करने शब्द लिहा. पुढे तुमच्याच बंदरात उभ्या होड्या, मागे ‘मिनातो’. पुढे आईचे मीठ लावलेले हात, मागे ‘शिओ’. फोटो पेपरला प्लॅस्टिकचा थर असतो, तो साध्या पुठ्ठ्यासारखा दमटपणात फुगत नाही. आणि फोटो काढतानाची वेळ, वास, कुणी काय म्हणालं हे सगळं त्या शब्दाला चिकटून येतं. पुस्तकातल्या झाडाच्या रेखाचित्राला असं काही चिकटलेलं नसतं.

कुठले शब्द आधी? तुमच्या तीन आठवड्यांत जे डोळ्यांसमोर येणार ते. ‘देगुचि’ बाहेर जायची वाट, ‘इरिगुचि’ आत यायची. दोन्हींत शेवटी तोंडाचं चौकोनी चिन्ह. ‘एकि’ म्हणजे स्टेशन. त्यात डावीकडे घोडा आहे, कारण हे चिन्ह टपालाचे घोडे बदलायच्या ठाण्यांचं होतं. पावसाचं चिन्ह ‘आमे’, आणि त्याच्या खाली तयार होणारं सगळं कुळ: बर्फ ‘युकि’, ढग ‘कुमो’, धुकं ‘किरि’. पावसाखाली शेत लिहिलं की गडगडाट, ‘कामिनारि’. वीजही याच कुळातली, ‘देन’, आणि तिच्यापासून आगगाडी ‘देन्शा’ आणि बॅटरी ‘देन्चि’. जुलैतल्या आपल्या आभाळाखाली हे कुळ शिकायचं नाही तर कधी?

फोटोग्राफरला एक पाटी आलीच पाहिजे. चार चिन्हं: ‘सात्सुएइ किन्शि’. ‘सात्सु’ मध्ये डावीकडे हात आहे, ‘एइ’ म्हणजे सावली. सावली धरायला मनाई, म्हणजे फोटो काढू नका. मनाईच्या चिन्हात वर दोन झाडं शेजारी उभी असतात, ते दुरून ओळखता येतं. मंदिरांच्या आतल्या दालनांत ही पाटी असते. क्योतोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांतही २०१९ पासून आहे, दहा हजार येन दंडाच्या सूचनेसकट. ‘सान्क्याकु’ म्हणजे तीन पाय, ट्रायपॉड. तोही बऱ्याच देवळांत चालत नाही, म्हणून ट्रायपॉड घरी ठेवा आणि बॅगेतून त्याचा विचार काढून टाका. पाट्या वाचता आल्या की यजमान तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. पाहुण्याने चप्पल कुठे काढायची हे न सांगता ओळखलं की आपल्याला बरं वाटतं, तसंच.

आता बॅग.

आधी वजन करा, मग दुकानात जा. घरातला काटा घ्या. मिररलेस बॉडी साधारण ७०० ग्रॅम, चोवीस-सत्तर मिलिमीटरची झूम लेन्स ८०० ग्रॅम, सत्तर-दोनशे दीड किलोपर्यंत, चार्जर-बॅटऱ्या-कार्डं ४०० ग्रॅम. म्हणजे साडेतीन किलोच्या आत. भारतीय विमान कंपन्यांच्या साध्या वर्गात हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा ७ किलो असते. दोन मोठ्या जपानी कंपन्या १० किलो देतात, पण त्यात खांद्यावरची छोटी पिशवीही धरतात. आता दुकानात गेलात की भरपूर गादी, भरपूर पट्टे असलेली बॅग तुम्हाला दाखवतील, तिचं रिकाम्यानेच वजन अडीच किलो. त्यात लॅपटॉप घातला की सात किलो संपले आणि अंगावरची शाल ठेवायलाही जागा नाही. रिकामी बॅग दीड किलोच्या वर असेल तर खाली ठेवून द्या.

मी स्वतः आता कॅमेरा बॅग म्हणून विकतात ती वापरत नाही. वीस लिटरची साधी हायकिंगची सॅक आणि आत सुटा बसणारा गादीचा कप्पेवाला डबा, ज्याला दुकानात इन्सर्ट म्हणतात. याची तीन कारणं आहेत. सॅक धुता येते, आणि आपल्याकडे धुता येणं हे सगळ्यांत मोठं आहे. मुक्कामाला पोचलं की डबा काढून ठेवायचा, सॅक भाजी आणायला मोकळी. आणि बाहेरून ती महागाचं सामान असलेली दिसत नाही. एकच तोटा, सामान वरूनच काढावं लागतं. लग्नात धावपळ करणाऱ्याला ते परवडणार नाही. तुम्हाला परवडेल. तरी तयार कॅमेरा बॅगच हवी असेल तर पाठीकडून उघडणारी घ्या. ती पुळणीवर पुढचं तोंड खाली करून ठेवता येते, म्हणजे पाठीला लागणारे पट्टे ओले होत नाहीत, आणि गर्दीत मागून कुणी चेन उघडू शकत नाही. आतलं अस्तर फिकं हवं. काळ्या अस्तरात काळी लेन्स कॅप पहाटे सापडत नाही.

पावसाचं म्हणाल तर, रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, टोकियोला त्याच्या निम्मा. आपल्या जुलैत टिकलेली बॅग तिकडे काळजी करायला लावणार नाही. पण रेनकव्हरवर फार भिस्त ठेवू नका. आपले शेतकरी इरलं घेतात ते डोक्यापासून पाठीच्या खालपर्यंत एकसंध असतं, पाणी घरंगळून मागे पडतं आणि हात मोकळे राहतात. रेनकव्हर उलट काम करतं. बॅगेचं पुढचं अंग झाकतं आणि पाठीचं उघडं ठेवतं. खांद्यावरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांवरून पाठीच्या गादीत मुरतं आणि कव्हरच्या तळाला साठतं. कव्हरच्या तळाला भोक आहे का ते बघा. कव्हर बॅगेला शिवलेलं नको, सुटं हवं, म्हणजे वाळत घालता येतं. त्याच्या आतला रबरी थर आपल्या दमटपणात तीन-चार पावसाळ्यांत चिकट होऊन सुटतो. तसं झालं की नवं घ्यायचं, त्याला इलाज नाही. खरं संरक्षण आतून करा: तोंड गुंडाळून बंद होणारी पातळ ड्राय बॅग, तिच्यात कॅमेऱ्याचा डबा, आणि ती सॅकमध्ये. मग वरची सॅक चिंब भिजली तरी हरकत नाही.

पावसापेक्षा खारा वारा वाईट. पाणी दिसतं, मीठ दिसत नाही. माझ्या पहिल्या बॅगेची चेन मिऱ्या बंदरावर अडकली, समोर वादळाआधीचा उजेड आणि कॅमेरा आत. चेनचे दात शाबूत होते, पण ओढायचा धातूचा सरक्या मिठाने आतून खाल्ला होता. तेव्हापासून चेनला मी लेन्सइतकाच वेळ देतो. नायलॉनच्या वेटोळ्याची, जाड दातांची चेन घ्या, धातूच्या दातांची नको. वायकेके अशी अक्षरं असलेली मिळाली तर उत्तम, ती जपानचीच कंपनी. किनाऱ्यावरून घरी आलात की डबा बाहेर काढा, सॅक विहिरीच्या गोड्या पाण्यात बुडवून चेन दोन-तीनदा उघडा-मिटा आणि पडवीत सावलीला टांगा. वाळल्यावर चेनवर साधी मेणबत्ती घासा. खोबरेल तेल लावू नका, त्याला वाळू चिकटते आणि कानशीसारखी घासत राहते. बाहेरचे जाळीचे खिसे वाळू साठवतात, ते जितके कमी तितकं बरं.

आणि बॅगेत लेन्स ठेवून पावसाळा काढू नका. माझी एक पन्नासची लेन्स मी जूनमध्ये बॅगेत ठेवली आणि गणपतीत काढली. काचेवर कोळिष्टकासारखे धागे. मुंबईला साफ करून आणली, पण बुरशीने काचेवरचा थर खाल्ला होता, तो परत आला नाही. बॅगेची गादी स्पंजसारखी दमटपणा धरून ठेवते. बॅग ही प्रवासाची वस्तू, साठवणीची नव्हे. साठवणीला रबराच्या कडेचं झाकण असलेला हवाबंद डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारा छोटा काटा. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. रंग बदलणारं जेल घ्या, रंग उतरला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवून परत वापरता येतं. काही जण तांदूळ ठेवतात. तांदळाने काम होत नाही, धूळ मात्र होते.

जपानमधल्या तीन गोष्टी सांगून ठेवतो. गर्दीच्या गाडीत बॅग पाठीवरून काढून छातीवर घ्यायची. मुंबई लोकलची सवय असेल तर वेगळं काही शिकायला नको. मोठी सूटकेस शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनमध्ये, न्यायची असेल तर लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या आत ठेवा. त्याहून मोठीला तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू मार्गांवर आधी जागा राखावी लागते. आणि सूटकेस एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पाठवून देणारी सेवा तिकडे सगळीकडे आहे, ‘ताकुहाइबिन’. ती वापरा. मी दुसऱ्या खेपेपासून वापरतो आणि त्यानंतर कधी दोन ओझी एकदम वाहिली नाहीत. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र सूटकेसमध्ये टाकू नका. त्या विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, टोकांना चिकटपट्टी लावून.

मार्चअखेर सकाळी थंडी असते. बाहेर गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत नेऊन लगेच बाहेर काढला तर काचेवर दव धरतं. आपल्याकडे एसी गाडीतून बंदरावर उतरल्यावर होतं तेच. बॅग न उघडता अर्धा तास तशीच ठेवा.

वेळ काढता आला तर इनेला जा. क्योतो प्रांतातच आहे, पण शहरापासून दूर, जपानच्या समुद्राकडे. खाली होडी आणि वर घर अशी सुमारे २३० घरं खाडीच्या काठाला लागून उभी आहेत, समुद्राचं पाणी थेट घरात. त्या किनाऱ्यावरची म्हण आहे, डबा विसरलास तरी छत्री विसरू नको. मी तिथे दीड दिवस पावसातच काढला. एका आजोबांनी होडीच्या घरात उभं राहू दिलं, जाळ्याकडे बोट दाखवून शब्द विचारला. मला ‘आमि’ आला. मग त्यांनी दोरखंड, नांगर, वल्हं असं एकेक दाखवलं, आणि ते शब्द मला येत नव्हते. ते मी तिथेच कार्डांवर लिहून घेतले.

म्हणून बॅग घेताना शेवटची एक गोष्ट बघा: वरच्या बाजूला, सॅक न उतरवता हात पोचेल असा एक छोटा खिसा आहे का. त्यात लेन्सचं कापड ठेवू नका. वीस कार्डं, एक मार्कर आणि सिलिकाची एक पुडी ठेवा. आपलं काम नव्वद टक्के वाट बघण्याचं आहे. होड्या यायच्या, उजेड पडायचा, फेरीबोट लागायची, दापोलीहून खेडची एसटी सुटायची. तेवढ्यात वीस कार्डं दोनदा होतात. मी घरी बसून अभ्यास केलेल्या कांजींपेक्षा अशा उभ्याने केलेल्या जास्त टिकल्यात.

आता नारळी पौर्णिमा तोंडावर आहे, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून होड्या परत बाहेर पडतील. विकत काही घ्यायच्या आधी घरातल्याच एखाद्या दप्तरात साडेचार किलो तांदूळ भरा आणि लिलावाच्या वेळी बंदरावर दोन तास फिरा. कुठला खांदा दुखतो, हात कुठल्या बाजूला जातो ते लिहून ठेवा. त्याच फेरीत मोबाईलवर बारा फोटो काढा: बंदर, लाट, होडी, जाळं, मासा, मीठ, बर्फ, दोर, पाऊस, ढग, हात, वाट बघणारा माणूस. तो तुमचा पहिला संच. खांद्याचं काय झालं ते मला कळवा, मग पट्टे कसे हवेत ते सांगतो.